लॅबच्या बाई आणि उडून जाणारं तेल

आमच्या बिल्डिंगचा जिना चढता चढता लॅबच्या बाई नुसत्या वासावरून सांगायच्या, की दुसऱ्या मजल्यावर आज भजी तळली आहेत, तेल शेंगदाण्याचं आहे आणि ते तिसऱ्यांदा तापवलेलं आहे. एकदा माझ्या बायकोने गंमत म्हणून त्या घरी जाऊन विचारलं. भजी होती, तेल शेंगदाण्याचं होतं, आणि तिथल्या वहिनी ओशाळून म्हणाल्या, "तिसऱ्यांदाच तापवलंय, पण तुम्हाला कसं कळलं?" बायको घरी येऊन मला हे सांगत होती तेव्हा तिचा आवाज जरा खाली आला होता. देवळातून आल्यावर माणूस बोलतो तसा.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही परळची खोली सोडून भाईंदर पश्चिमेला नवीन बिल्डिंगमध्ये राहायला आलो होतो. मागे मिठागरं होती, आणि नळाला पाणी येईल तेव्हा यायचं. बाई आमच्या वरच्या मजल्यावर एकट्याच राहायच्या. शिवडीला एका तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांनी तीस वर्षांहून जास्त नोकरी केली होती आणि नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. उंचीने बेताच्या, सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ. नाव कुमुद होतं, पण त्या नावाने हाक मारणारं तिथे कुणी नव्हतं. सगळ्यांसाठी त्या लॅबच्या बाई.

त्यांच्या बाहेरच्या खोलीत, जिथे इतरांकडे टीव्ही असतो तिथे, काचेच्या पेटीत एक नाजूक पितळी तराजू होता. कंपनीने नवीन यंत्रं आणली तेव्हा जुना मोडीत काढला होता, तो त्यांनी रीतसर अर्ज करून घरी आणला. त्यावर कागदाचा कपटा ठेवला आणि त्याच कपट्यावर पेन्सिलीने नाव लिहून परत ठेवला, तर काटा हलायचा. मी हे स्वतः पाहिलं आहे. माझं नाव किती वजनाचं आहे हे मला त्या दिवशी कळलं.

कुणी काही ठामपणे सांगू लागलं, की बाई विचारायच्या, "मोजलं का?" बिल्डिंगमधली पोरं त्यांच्या मागे त्यांची नक्कल करायची. पण एक प्रसंग असा झाला, की त्यानंतर नक्कल बंद झाली. पाण्याचा टँकरवाला पाणी कमी देतो म्हणून एका सकाळी खाली मोठं भांडण पेटलं. टँकरवाला हिंदीत शपथा घेत होता, आमचे लोक त्याची गचांडी धरायच्या बेतात होते. बाई वरून लांब काठी घेऊन आल्या. टँकर रिकामा होण्याआधी आणि झाल्यावर त्यांनी जमिनीखालच्या टाकीत काठी बुडवून ओल कुठवर येते ते पाहिलं, मग पंप बंद ठेवायला सांगितला आणि अर्ध्या तासाने पुन्हा काठी बुडवली. "पाणी पूर्ण दिलंय त्याने," त्या म्हणाल्या. "आपली टाकी गळतेय." गवंडी बोलावला, भेग सापडली. टँकरवाला त्यानंतर बाईंना पाहिलं की गाडीतून उतरून नमस्कार करायचा.

म्हणूनच आमच्या ट्रस्टच्या गाडीचा घोळ सुरू झाला तेव्हा मला पहिल्यांदा बाई आठवल्या.

भाईंदरमधल्या काही मंडळींनी मिळून एक जुनी डिझेल व्हॅन घेऊन तिची रुग्णवाहिका केली होती. मी त्या ट्रस्टचा सेक्रेटरी होतो. ऑफिसातून आल्यावर करायचं काम. उत्तन, तारोडीकडच्या गावांतून बाळंतिणी, म्हातारी माणसं, होडीवर हात चेचून घेतलेले कोळी, सगळ्यांना दवाखान्यात आणायला तेव्हा दुसरं साधन नव्हतं. गाडीवर मांजरेकर नावाचे ड्रायव्हर होते. मूळचे रत्नागिरीकडचे, राहायला गोडदेवला. कमी बोलणारे, गाडी स्वच्छ ठेवणारे. इंजिन ऑइल आमचे अध्यक्ष देत. त्यांच्या ओळखीच्या एका डेपोतून त्यांनी सुट्ट्या तेलाचा पिंप दान म्हणून आणून ठेवला होता.

घोळ असा, की तेल टिकत नव्हतं. पाच-सहाशे किलोमीटर गाडी धावली की इंजिनात तेल कमी झालेलं असायचं आणि मांजरेकर पिंपातून काढून भर घालायचे. गाडीखाली तेलाचा डाग नव्हता. धूरही विशेष नव्हता. मेकॅनिक म्हणाला, "इंजिन ठीक है साब, तेल पीता नहीं." मग तेल जातं कुठे? कमिटीत कुणीतरी म्हणालं, मांजरेकर विकत असतील. ते 'कुणीतरी' मीच होतो. मी ते हसत म्हटलं होतं, पण एकदा म्हटल्यावर ते सगळ्यांच्या तोंडी झालं.

मी दोन बाटल्या घेऊन बाईंकडे गेलो. एकीत पिंपातलं तेल, दुसरीत बाजारातून आणलेल्या सीलबंद डब्यातलं. बाईंनी पिंपातल्या तेलाचा थेंब अंगठा आणि तर्जनीत चोळला, हुंगला आणि पुन्हा चोळला.

"काय वाटतं?" मी विचारलं.

"वाटण्याला काय अर्थ आहे? तापवून बघू."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि तेल या गोष्टीकडे मी आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिलं. "तेल एकजिनसी दिसतं, पण तसं नसतं," त्या म्हणाल्या. "त्यात हलकं आणि जड असं सगळं मिसळलेलं असतं. तापलं की हलकं आधी वाफ होऊन निघून जातं. डाग पडत नाही, डोळ्याला दिसत नाही, इंजिनाच्या श्वासाबरोबर जातं. चांगलं तेल म्हणजे ज्यातलं कमी उडतं ते. म्हणून आधी वजन करायचं, तापवायचं, परत वजन करायचं. जितकं घटलं तितकं उडालं."

गॅलरीत स्टोव्ह, त्यावर वाळूने भरलेली कढई, वाळूत दोन काचेच्या वाट्या, वाटीत लांब थर्मामीटर, बाजूला भिजवलेलं गोणपाट. बाई स्टुलावर बसून पारा वर चढताना पाहत होत्या आणि मी त्यांना पाहत होतो. तासभर त्यांनी मान हलवली नसेल. दीडशे अंशांवर त्यांनी पारा रोखून धरला आणि वेळ झाल्यावर स्टोव्ह बंद केला. "यापुढे उघड्या जाळावर नाही," त्या म्हणाल्या. "दोनशेच्या पुढे हे तेल पेट घेऊ शकतं. खाली सोळा बिऱ्हाडं आहेत."

दोन्ही वाट्यांतलं तेल जवळपास सारखंच घटलं. फरक नव्हता.

बाईंनी अहवाल लिहून दिला. सुवाच्य अक्षर, एक पान. वर लिहिलं होतं, की दोन्ही तेलांत फरक आढळला नाही. तळाशी तीन ओळी होत्या: ही चाचणी दीडशे अंशांपर्यंतच केली आहे, इंजिनात पिस्टनजवळ तेल याहून पुष्कळ जास्त तापते, म्हणून यावरून कुणाही व्यक्तीविषयी निष्कर्ष काढू नये. दुसऱ्या दिवशी त्या आपल्या बहिणीकडे दापोलीला गेल्या. बहिणीचं ऑपरेशन होतं, दोन महिने तिथेच राहणार होत्या.

रविवारी कमिटीची मीटिंग झाली. मांजरेकर दाराशी उभे होते. अध्यक्ष घाईत होते, दोन-तीन जण तावातावाने बोलत होते. मी अहवालाची वरची ओळ वाचली. खालच्या तीन ओळी मला दिसत होत्या. मला वाटलं, शास्त्राची माणसं असं लिहितातच, ती एक पद्धत असते. आणि खरं सांगायचं तर चोरीची गोष्ट आधी मी बोललो होतो, ती खरी ठरली तर मला बरं वाटणार होतं. मी कागद घडी करून फाइलमध्ये ठेवला. मांजरेकरांना विचारलं, "काही सांगायचंय?" ते म्हणाले, "तेल मी घेतलं नाही. दुसरं काय सांगू?" त्याच दिवशी त्यांच्याकडून गाडीची किल्ली घेतली.

नवीन ड्रायव्हर आला. तरुण, चटपटीत. सहा-सात आठवडे बरे गेले. मग एका रविवारी दुपारी ट्रस्टच्या ऑफिसातल्या फोनवर तारोडीहून एका माणसाचा आवाज आला. "गारी बंद परली. आय आत हाय. दुसरी गारी हाय का न्हाय?" उत्तनच्या चढावर ऑइलचा लाल दिवा लागला होता, नवीन ड्रायव्हरने तो पाहिला नाही किंवा पाहून चालवत राहिला, आणि इंजिन जाम झालं होतं. आत त्या माणसाची आई होती, छातीत कळा येत असलेली. आमच्याकडे दुसरी गाडी नव्हती. शेवटी मासळीचा टेम्पो रिकामा करून, बर्फाच्या पाण्यावर गोणपाटं पसरून तिला त्यात निजवून आणलं. दवाखान्याच्या दारात मी उभा होतो. टेम्पोतून उतरवताना त्या म्हातारीने माझा हात घट्ट धरला. ती वाचली. पण तिचा पंजा थंडगार होता, तो थंडावा बरेच दिवस माझ्या हातावर राहिला.

दोनच दिवसांनी बाई दापोलीहून परतल्या. संध्याकाळी माझ्या दारात आल्या. आत या म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या.

"मांजरेकरांना काढलंत?"

"हो," मी म्हटलं. "तुमच्या रिपोर्टमध्ये तेलात फरक नाही असं होतं, म्हणून..."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. थर्मामीटर वाचताना त्या जशा पाहायच्या तसं पाहिलं.

"आणि गाडी बंद पडली तेव्हा इंजिनात तेल किती होतं?"

"जवळजवळ नव्हतंच."

"मग नवीन ड्रायव्हरही चोरतो का?"

त्या म्हणाल्या, "उद्या रजा टाका. शिवडीला जायचंय. जाताना बाटल्या भरून घ्या. आणि पहिल्या मजल्यावरचा तो बोटीवर काम करणारा आहे ना, त्याने आखातातून सिंथेटिक तेलाचा डबा आणलाय म्हणे. त्यातलंही थोडं मागून घ्या."

"ते कशाला?"

"चांगलं म्हणजे किती चांगलं, हे कळायला नको?"

दुसऱ्या दिवशी शिवडीच्या त्या प्रयोगशाळेत मी जे पाहिलं ते कधी विसरणार नाही. बाई दारातून आत गेल्या आणि टेबलांमागची माणसं एकेक करून उभी राहिली. कुणी ठरवून नाही, आपसूक. तिथले आताचे प्रमुख कधीकाळी त्यांच्या हाताखाली शिकलेले. ते मला हळूच म्हणाले, "या इथे आल्या तेव्हा यांना बाटल्या धुवायला बसवलं होतं. बाईमाणूस म्हणून. बाटल्या धुता धुता कुठल्या बाटलीत काय होतं ते वासावरून ओळखायला शिकल्या. शेवटी अशी वेळ आली की यांची सही झाल्याशिवाय इथून एक टँकर बाहेर पडत नव्हता. एकदा मोठे साहेब स्वतः खाली आले, टँकर गेटवर उभा आहे म्हणाले. बाई म्हणाल्या, 'उभा राहू दे. तेल अजून तापतंय.'"

तिथे उघडा जाळ नव्हता. बंद भांड्यात तेल अडीचशे अंशांवर एक तास ठेवायचं, त्यावरून सतत हवा ओढून घ्यायची आणि मग वजन करायचं. इंजिनाच्या पोटात जे होतं ते इथे टेबलावर होत होतं. बाईंनी तिन्ही तेलांच्या चाचण्या स्वतः केल्या. कुणाला हात लावू दिला नाही. दुपारचा डबा त्यांनी उघडलाच नाही.

पिंपातल्या तेलाचा चौथ्या हिश्श्याहून जास्त भाग उडून गेला होता. भांड्याच्या तळाशी उरलं होतं ते काळपट आणि चिकट. बाजारातल्या सीलबंद डब्यातलं तेल सातव्या हिश्श्याइतकं घटलं होतं. आखातातल्या सिंथेटिकचं भांडं तराजूवर ठेवलं तेव्हा प्रमुखांनी वजन दोनदा वाचलं. ते जेमतेम चमचाभर कमी झालं होतं. रंगही फारसा बदलला नव्हता.

"असं कसं?" मी विचारलं.

"रेशनचा तांदूळ आणि निवडलेला तांदूळ," बाई म्हणाल्या. "साधं तेल जमिनीतून येतं ते गाळून घेतलेलं, त्यात लहानमोठं सगळं येतं. सिंथेटिक माणसाने घडवलेलं असतं, जवळपास एका मापाचं. त्यात पळून जाणारं हलकं फार थोडं." मग पिंपातल्या तेलाच्या भांड्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आणि यात पातळ काहीतरी मिसळलंय. दीडशे अंशांवर ते गप्प बसलं. मी घाबरून दीडशेवर थांबले."

"घाबरून नाही बाई, बिल्डिंग होती," मी म्हटलं.

"कारण काही असो. थांबले."

त्या संध्याकाळी त्या घरी गेल्या नाहीत. भाईंदरला उतरल्यावर त्यांनी मला घेऊन पूर्वेला गोडदेवची रिक्षा केली. मांजरेकर एका चाळवजा इमारतीत राहत होते. भाजीच्या टेम्पोवर लागले होते, नुकतेच आले होते, पायही धुतले नव्हते. बाईंनी बसायच्या आधी सांगितलं, "मांजरेकर, माझी चूक झाली. तेल उडत होतं. तुम्ही चोरलं नाहीत. हे मला दोन महिन्यांपूर्वी कळायला हवं होतं."

मांजरेकरांनी बाईंना बसायला खुर्ची पुढे केली. मग म्हणाले, "बाई, तुम्ही निदान तेलाकडे बघितलंत. माझ्याकडे कुणी बघितलंच नाही."

"तेल कमी झाल्यावर, इंजिनातलं तेल बघायच्या काडीवर उरलेलं तेल कसं असायचं?" बाईंनी विचारलं.

"घट्ट. गुळाच्या पाकासारखं. वास पण जळका. मी मेकॅनिकला बोललो होतो, तो हसला."

बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पाहिलंत? सगळी चाचणी यांच्या एका वाक्यात होती. हे आपण विचारलंच नाही." तीस वर्षं तेल तपासलेल्या त्या बाई एका ड्रायव्हरसमोर अशा बसल्या होत्या, जशी एखादी विद्यार्थिनी बसते. आणखी काय काय दिसायचं, किती तापल्यावर दिसायचं, चढावर जास्त का, सगळं विचारून त्यांनी वहीत टिपून घेतलं.

मांजरेकर परत यायला तयार झाले, पण म्हणाले, "जिथे किल्ली घेतली तिथेच सगळ्यांसमोर सांगा."

रविवारी पुन्हा मीटिंग. बाई उभ्या राहिल्या. आकडे सांगितले. अध्यक्षांचा चेहरा उतरत गेला, कारण पिंप त्यांनी आणला होता. एकाने विचारलं, "म्हणजे भेसळ अध्यक्षांच्या डेपोवाल्याने केली?" बाई म्हणाल्या, "मी तेलाविषयी सांगू शकते. तेल हलकं आहे. ते कुणी केलं हे तेलाला विचारता येत नाही. एकदा तसं विचारल्याचा परिणाम आपण पाहिला." मग म्हणाल्या, "माझ्या पहिल्या अहवालात महत्त्वाची ओळ मी तळाशी लिहिली. ती सर्वांत वर लिहायला हवी होती. त्याबद्दल मी मांजरेकरांची माफी मागते." आणि सगळ्यांसमोर त्यांनी हात जोडले.

मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. फाइल माझ्या मांडीवर होती. ती मी उघडली नाही.

थोड्या वेळाने अध्यक्षांनी हळू आवाजात विचारलं, "मग बाई, आता कुठलं घालायचं? ते सिंथेटिक मागवू का? कितीही लागू दे." सगळ्यांनी माना डोलावल्या. बाईंनी नाही म्हटलं. "कमी उडतं हा तेलाचा एक गुण झाला, सगळे नव्हे. तापल्यावर जाडी किती राहते, काजळी धरून ठेवतं का, डिझेल इंजिनाला चालतं का, हेही बघायचं. आपलं इंजिन जुनं आहे, त्याचे रबरी सील नव्या तेलाशी कसे वागतील सांगता येत नाही. आणि मुख्य म्हणजे, जे तेल संपल्यावर भाईंदरच्या बाजारात मिळणार नाही ते रुग्णवाहिकेत घालू नका. सीलबंद डब्याचं घ्या. मांजरेकर सांगतील तेव्हा बदला." इंजिन दुरुस्त झालं, सीलबंद तेल आलं. अध्यक्षांनी दुसऱ्या दिवशी पिंप स्वतः उचलून नेला आणि पुढची सगळी वर्षं तेल बाईंना दाखवूनच आणलं. मांजरेकर गाडीवर आले. तेल टिकू लागलं.

पुढे नव्वदच्या दशकात सिंथेटिक तेल आपल्याकडच्या दुकानांतून दिसू लागलं. ट्रस्टने नवी गाडी घेतली तेव्हा बाईंनी चार कंपन्यांची माहितीपत्रकं मागवली. रंगीत चित्रं, धावत्या गाड्या, मोठमोठी विशेषणं. बाई ती सगळी ओलांडून शेवटच्या पानावर जायच्या, बारीक अक्षरातल्या तक्त्यात अडीचशे अंशांवर किती टक्के घट होते तेवढा आकडा शोधायच्या. एका पत्रकात तो आकडा नव्हताच. ते त्यांनी बाजूला ठेवलं. "यांनी मोजलं नसेल असं नाही," त्या म्हणाल्या. "सांगावंसं वाटलं नाही." मांजरेकर शेजारी बसून बाकीच्या तिन्हींचे आकडे मोठ्याने वाचत होते. त्यांना आता त्या तक्त्यातलं माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

बाईंचे गुडघे दुखू लागले. जिना होईना. त्यांनी दापोलीला बहिणीकडे कायमचं जायचं ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी मी वर गेलो. सामान बांधलेलं होतं. सहा वर्षं जे मनात ठेवलं होतं ते मी त्या दिवशी बोललो. "बाई, तुमच्या अहवालातल्या खालच्या तीन ओळी मी मीटिंगमध्ये वाचल्याच नव्हत्या. तुमची चूक नव्हती. तुम्ही उगाच माफी मागितलीत."

बाई साड्यांची घडी करत होत्या. घडी पूर्ण केली.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "दापोलीहून आले त्याच दिवशी तुमच्या नोटीस बोर्डावर मीटिंगचा वृत्तांत वाचला होता. त्यात माझी एकच ओळ होती."

"मग बोलला का नाहीत?"

"मी बोलले असते तर तुम्ही कबूल केलं असतंत. त्यात काय? तुम्ही सांगाल म्हणून थांबले." मग म्हणाल्या, "आणि ओळ तळाशी लिहिली ही माझी चूक होतीच. ती मी तुमच्यासाठी मागितलेली माफी नव्हती. आता मला सांगून काय उपयोग? गोडदेवला जा."

दुसऱ्या दिवशी मांजरेकर त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेले. मी त्यानंतरच्या रविवारी गोडदेवला गेलो. मांजरेकरांनी सगळं शांतपणे ऐकलं. मला वाटलं ते उठून जातील. त्यांनी आत हाक मारली आणि बायकोला बाहेर बोलावलं. "हिच्यासमोर परत सांगा," ते म्हणाले. "ते दोन महिने हिने काढलेत."

मी परत सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं जास्त कठीण गेलं.

त्या रात्रीच मी बाईंना पत्र लिहिलं. गोडदेवला जाऊन आलो, मांजरेकरांना आणि त्यांच्या पत्नीला सगळं सांगितलं, मन हलकं झालं, असं काहीसं. आठवड्याने कार्ड आलं. दोनच ओळी: "पत्र मिळाले. त्यांच्या पत्नी काय म्हणाल्या ते तुम्ही लिहिलेले नाही. ते लिहावे. पत्रावर तारीखही नाही."

कार्ड हातात घेऊन मी कितीतरी वेळ गॅलरीत बसलो. शंभर मैलांवरून, न दिसता, त्या बाईंना कळलं होतं की मी एक ओळ गाळली आहे. मी ती मुद्दामच गाळली होती. मला ती लिहवत नव्हती. चार दिवस गेले. मग बसलो आणि लिहिली. मांजरेकरांच्या पत्नी म्हणाल्या होत्या, "माझी आई त्याच दोन महिन्यांत गेली. जावई चोर निघाला असं समजून गेली. तिला आता कोण सांगणार?"

तेवढंच लिहिलं, दुसरं काही नाही.

उत्तर आलं ते त्यांच्या बहिणीच्या अक्षरात. बाई गेल्या होत्या, झोपेतच. शेवटच्या काही दिवसांत तब्येत एकदम ढासळून त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून माझं पत्र बहिणीने वाचून दाखवलं होतं. बाईंनी डोळे मिटून ऐकलं. थोड्या वेळाने विचारलं, यावेळी तारीख घातली आहे का.

घातली होती.